घर पाहावे भाड्याने घेऊन

वाचकहो, आरोग्याच्या पाक्षिकात घरभाड्याचा विषय कशाला, असे तुम्हाला वाटेल. कोथरूडमध्ये गेली सत्तावीस वर्षे माझा दवाखाना आहे. अलीकडे ज्येष्ठांच्या झोपेच्या तक्रारी ऐकताना मी दोन प्रश्न अधिक विचारू लागले आहे: नातवंडे कुठे असतात, आणि राहतात कशी? 'रात्री दोनला जाग येते, गोळी बदलून द्या' असे म्हणणाऱ्या आजींची नात नुकतीच बंगळुरूला नोकरीला लागलेली असते. घर भाड्याचे, शहर अनोळखी, आणि फोन लागला नाही की इकडे छातीत धडधड. अशी काळजी रक्तदाबाच्या गोळीने उतरत नाही. मात्र काळजी नेमकी कशाची करावी हे कळले, तर ती पुष्कळ हलकी होते, असा माझा अनुभव आहे.

तीन वर्षांपूर्वी हा प्रश्न माझ्याच घरात आला. लातूरच्या माझ्या बहिणीच्या मुलीला खराडीच्या एका कंपनीत नोकरी लागली. सुरुवातीचे दोन महिने ती माझ्याकडेच राहिली. पण कोथरूड पुण्याच्या पश्चिमेला, खराडी पूर्वेला. त्या वेळी मेट्रो रामवाडीपर्यंत पोहोचायची होती, आणि तिची पाळी रात्री अकराला संपे. घरी यायला साडेबारा व्हायचे. दोन महिन्यांत तिचे वजन चार किलोंनी घटले आणि जेवणाच्या वेळा पार विस्कटल्या. मावशीचे घर कितीही मायेचे असले, तरी रोजचे तीन तास रस्त्यावर घालवणे हे काही आरोग्य नव्हे. आम्ही घर शोधायला निघालो.

तिच्या हातात पगाराचे अडतीस हजार पडत. विमाननगरला एका खोलीच्या फ्लॅटला पंचवीस हजारांच्या पुढे मागत होते. त्याशिवाय दोन महिन्यांचे डिपॉझिट आणि एका महिन्याच्या भाड्याएवढी दलाली. पेइंग गेस्ट म्हणून राहिल्यास नऊ हजारांत एक कॉट मिळे, पण एका खोलीत चौघी, आणि त्या खोलीची खिडकी कपाटाने झाकलेली. परवडणाऱ्या जागा मिळाल्या, तेव्हा दुसरी अडचण उभी राहिली. 'एकटी मुलगी? आम्हाला फॅमिलीलाच द्यायचे आहे.' एका ठिकाणी रात्री दहाला फाटक बंद होत असे. मुलीची पाळी अकराला संपते हे सांगितल्यावर मालकीणबाईंच्या चेहऱ्यावर जे उमटले, ते शब्दांत लिहिण्याजोगे नाही. मी डॉक्टर आहे, सोबत आले आहे, हेही तिथे कामी आले नाही.

इकडे लातूरहून माझ्या आईचे फोन सुरू होते. तिचे वय तेव्हा ऐंशी. तिचे प्रश्न ठरलेले: मालक कोण, कुठले? दाराला लोखंडी जाळी आहे का? शेजारी कुटुंब राहते का? यातला शेजाऱ्यांचा प्रश्न सर्वांत मोलाचा होता, हे मला पुढे कळले. पण मी मात्र प्रत्येक घरात आधी न्हाणीघर पाहत होते. मालकांना ते चमत्कारिक वाटे.

त्याचे कारण सांगते, आणि हा भाग कृपया घाईने वाचू नका. भाड्याच्या अनेक घरांत न्हाणीघरातच गॅसचा गीझर बसवलेला असतो. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते, म्हणून गळती नाकाला कळते. त्यावरून आपला समज होतो की वास नाही म्हणजे धोका नाही. परंतु छोट्या बंद खोलीत गीझर जळू लागला की आतला प्राणवायू कमी होत जातो आणि अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आधी डोके जड होते, मळमळते, मग पायांतले त्राण जाते. आणि दाराला आतून कडी असते. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही अशा वेळी फसवतो, कारण हा वायू चिकटलेले हिमोग्लोबिन आणि प्राणवायू असलेले हिमोग्लोबिन यांतला फरक त्याला कळत नाही. माणूस बेशुद्धीच्या उंबरठ्यावर असताना यंत्र अठ्ठ्याण्णव दाखवू शकते.

तेव्हा नातीला फोनवर विचारा: गीझर गॅसचा की विजेचा? गॅसचा असेल तर तो न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत हवा. तो हलेपर्यंत खिडकी उघडी ठेवून बादली भरून घ्यावी, गीझर बंद करावा, मगच आत जाऊन दार लावावे. कुणी आत कोसळले तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणावे आणि थेट रुग्णालय गाठावे. आंघोळीनंतर रोज डोके दुखते असे कुणी सांगत असेल, तर ते थंडीमुळे किंवा चष्म्याच्या नंबरामुळे असेल असे समजून सोडून देऊ नका. माझ्या भाचीने अखेर चंदननगरला जे घर घेतले, तिथेही गीझर न्हाणीघरातच होता. मालक कुरकुरले, पण विजेचा गीझर बसवल्याशिवाय करारावर सही नाही, असे आम्ही सांगितल्यावर त्यांनी तो आठ दिवसांत बसवला. कोल्हापूरची एक सहकारी तिच्यासोबत राहायला आली. अठरा हजार भाडे दोघींत वाटले गेले.

बाकीच्या गोष्टी पाहायला फार वेळ लागत नाही. भिंतीला नवा रंग असेल तर कपाटामागे हात फिरवून पाहावा. ओल लपवायला रंगासारखी स्वस्त वस्तू नाही, आणि ज्याला दमा आहे त्याला पावसाळ्यात ती ओल नडते. दिवसा दिवा लावावा लागत असेल ती खोली नको. हवा खेळत नसलेल्या खोलीत दाटीवाटीने राहणाऱ्यांपैकी एकाला क्षय असला तर तो इतरांना होण्याची भीती वाढते. तीन-तीन आठवडे खोकला अंगावर काढणारी मुले मी दवाखान्यात पाहते. पाणी टँकरचे असेल, तर जमिनीखालची टाकी शेवटची कधी धुतली हे रखवालदाराला विचारावे. मालकापेक्षा त्याला ते नक्की ठाऊक असते. काविळीचे आणि विषमज्वराचे पुष्कळ रुग्ण या एका प्रश्नाने कमी होतील.

भाडे परवडतच नसेल, तर नोकरी करणाऱ्या महिलांच्या वसतिगृहांची चौकशी जरूर करावी. केंद्र सरकारची ही योजना १९७२-७३ पासून चालू आहे. आता तिचे नाव 'सखी निवास' आहे. जागा थोड्या असतात, म्हणून नोकरीचे पत्र हाती येताच अर्ज करावा.

कागदाचा विषय टाळता येत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोटरीच्या शिक्क्यावर समाधान मानू नये. आमच्या अकरा महिन्यांच्या करारासाठी मुद्रांक शुल्क साधारण पाचशे रुपये आणि नोंदणी शुल्क एक हजार रुपये आले. बोटांचे ठसे घेणारा माणूस यंत्र घेऊन घरी आला, कचेरीत जावे लागले नाही.

आता ज्यांची नात दूर आहे त्यांच्याकडून जरा वळते, आणि ज्यांच्याकडे एक फ्लॅट किंवा वरचा मजला रिकामा आहे त्यांच्याशी बोलते. पुष्कळदा ही दोन्ही माणसे एकच असतात. माझे एक रुग्ण, वय अठ्ठ्याहत्तर, मधुमेह जुना, पत्नी गुडघ्यांमुळे जिना चढत नाही. नात बंगळुरूला, तिला घर मिळेना म्हणून ते अतिशय संतापलेले. 'एकट्या मुलीला घर नाकारतात म्हणजे काय, डॉक्टर? काळ कुठला आहे?' त्यांच्या वरच्या मजल्यावर सहा वर्षे कुलूप आहे हे मला ठाऊक होते. मी विचारले, तुम्ही दलालाला काय सांगितले आहे? ते म्हणाले, 'फॅमिलीलाच. पण तो विषय वेगळा.'

मला त्यांचे हसू आले नाही, कारण त्यांच्या भीतीला इतिहास आहे. १९४७ च्या भाडे कायद्याखाली राहिलेले भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्या हलले नाहीत. १९७३ च्या दुरुस्तीने तर १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर राहणाऱ्या लोकांना एका फटक्यात भाडेकरूंचे संरक्षण मिळाले. ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांना 'घर देणे' म्हणजे 'घर घालवणे' वाटले तर दोष कसा द्यावा? पण २००० सालापासून लागू असलेल्या कायद्यात नोंदणीकृत 'लिव्ह अँड लायसन्स'ची मुदत संपली की घर सोडावेच लागते. न सोडल्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. पोलीस ठाण्यात द्यायची ती माहिती. परवानगी मागायची नसते. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींतही घर भाड्याने देण्यास संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही, कळवायचे मात्र असते. आणि बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक आकारता येत नाही. 'सोसायटी देत नाही' हे वाक्य ऐकले की कोणत्या नियमाने, एवढे विचारून पाहावे.

आणि एक वैद्यकीय गोष्ट. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची साखर पहाटे उतरली, तर घाम येतो, बोलणे असंबद्ध होते, आणि जवळ कोणी असेल तर तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज देऊन पंधरा मिनिटांत माणूस सावरतो. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालयात न्यावे. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते. दोघेच वृद्ध राहत असलेल्या घरात, वरच्या मजल्यावर कुलूप असणे आणि दार ठोठावल्यावर उतरून येणारे तरुण माणूस असणे, यांत केवढे अंतर आहे! भाडेकरूने सेवा करावी अशी अपेक्षा मात्र कृपया ठेवू नका. त्यासाठी करारात कलम नसते, आणि तशा अपेक्षेने घर दिलेत तर सहा महिन्यांत दोघेही दुखावतील. परस्परांचे फोन नंबर, एकेक जादा किल्ली, आजारपणात कुणाला कळवायचे त्याचे नाव, एवढे पुरे.

भाचीच्या बाबतीत ती किल्ली समोरच्या दारातल्या काकूंकडे होती. पहिल्याच पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला, सोबतीण गावी गेलेली. दोन दिवस ही पडून, 'व्हायरल असेल' म्हणत. दूध बाहेरच दिसले म्हणून काकूंनी दार वाजवले आणि मला फोन केला. आईने विचारलेला शेजाऱ्यांचा प्रश्न मला तेव्हा आठवला. आता आई आणि ती यांचे ठरले आहे: रात्री घरी पोहोचल्यावर एक शब्द, 'आले'. आई तो सकाळी उठून वाचते. ठिकाण दाखवणारा नकाशा तिने स्वतःच बंद करायला सांगितला, कारण त्यावर ठिपका हलला नाही की तिलाच झोप येत नसे.

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या गृहस्थांचा वरचा मजला गेल्या दिवाळीनंतर उघडला. एका रुग्णालयातील परिचारिका तिथे राहते, एकटीच. कराराची नोंदणी झाली आहे आणि गीझर विजेचा आहे, हे मी जाऊन पाहून आले. परवा तपासणीला आले तेव्हा त्यांनी तक्रार केली की ती रात्रपाळीहून सकाळी आठला परतते, तेव्हा फाटक फार करकरते. मी त्यांना फाटकाच्या बिजागरीला तेल घालायला सांगितले आहे.