‘नुसतं चौकशीला नेलंय’

आमच्या कराड-सांगली पट्ट्यात पोलिसांच्या बाबतीत तीन शब्द चालतात. पोरगं ‘उचललं’, पोराला ‘चौकशीला नेलं’ आणि पोराला ‘अटक झाली’. कायद्याच्या पुस्तकात ‘उचललं’ कुठंच सापडत नाही. गावात मात्र सगळं तिथूनच सुरू होतं.

नोव्हेंबर २०१७ मध्ये मी सांगलीत लॉच्या पहिल्या वर्षाला होतो. त्या महिन्यात सांगली शहर पोलीस ठाण्याच्या कोठडीत लूटमारीच्या गुन्ह्यात पकडलेला एक तरुण मेला. वय २६. आधी सांगितलं गेलं, तो साथीदारासोबत पळून गेला. मग उघड झालं, की मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला होता. उपनिरीक्षकासह पोलिसांनाच अटक झाली, तपास सीआयडीकडे गेला. शहर हादरलं. तरी मेसमध्ये, एसटीत एक वाक्य कानावर पडायचंच, ‘पण होता तर चोरच ना?’ गुन्हा कोर्टात सिद्ध व्हायचा होता, हे कुणी बोलत नव्हतं.

अशा वेळी दाद मागायची सोय कायद्यात आहे. २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्यात आणि प्रत्येक जिल्ह्यात वेगळं प्राधिकरण हवं. महाराष्ट्रानं २०१४ मध्ये आपल्या पोलीस कायद्यात दुरुस्ती केली. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, नियम न पाळता केलेली अटक किंवा डांबून ठेवणं, हे सगळं त्यात आलं. फक्त ‘जिल्हा’ गेला आणि तिथं ‘विभाग’ आला. म्हणजे सातारा असो की सांगली, आपला विभाग पुणे.

हे अंतर किती असतं, ते मला २०१९ मध्ये कळलं. शेजारच्या काकूंच्या मुलाला मोटरसायकल चोरीच्या संशयावरून संध्याकाळी नेलं. मी वकिली शिकतोय म्हणून काकू आमच्या दारात आल्या. ठाण्यात गेल्यावर विचारलं, ‘अटक केलीय का?’ उत्तर आलं, ‘नाय, नुसतं चौकशीला आणलंय.’ मग चौकशीची नोटीस दाखवा म्हटलं. हवालदार हसले, ‘लय शिकलायस वाटतं?’

आम्ही बाहेर बाकड्यावर बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरगं लंगडत बाहेर आलं. कागदावर त्या रात्रीची एक ओळही नव्हती. अटक केली, तर २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं, घरी कळवावं लागतं, मेडिकल करावं लागतं. अटकच नाही म्हटलं की घड्याळ सुरूच होत नाही.

तक्रार करायची का, असं काकूंना विचारलं. त्या भांगलायला रोजानं जायच्या. म्हणाल्या, ‘पुण्याला कितींदा जाऊ बाळा? आन् हितं राहायचंय आपल्याला.’ या दुसऱ्या वाक्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

१ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. अटक केलेल्यांची नावं आता प्रत्येक ठाण्यात ठळकपणे लावायची आहेत. चांगलंच आहे. पण ‘चौकशीला’ नेलेल्याचं नाव त्या बोर्डावर कसं येणार?

म्हणून एवढं लक्षात ठेवा. चौकशीलाही कागद लागतो. संशयिताला बोलवायचं तर कलम ३५(३) ची नोटीस, साक्षीदाराला बोलवायचं तर कलम १७९ चा लेखी आदेश. दोन्ही जुन्या कायद्यातही होते, फक्त कलमांचे नंबर वेगळे होते. कुणाला नेलं, तर किती वाजता, कोणत्या गाडीतून, कोणी नेलं, ते लगेच घरच्यांना मेसेज करून ठेवा. त्या मेसेजवर वेळ पडते. ठाण्याच्या डायरीत ती रात्र नसली, तरी तुमच्या फोनमध्ये असेल. २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार ठाण्यात सीसीटीव्ही हवेत, फुटेजही जपायला हवं. ते मागायचं, तर आधी वेळ सांगता यायला हवी.

पुण्याचं अंतर आपल्याला कमी करता येत नाही. पण घड्याळ कधी सुरू झालं, हे आपण लिहून ठेवू शकतो. ज्याला नेलंय तो चोर असला, तरीही.