बटन काऊन नाई ठेवलं?

गेल्या जुलैत पुण्याहून घरी, म्हणजे यवतमाळजवळच्या लोहाऱ्याला, नवी इलेक्ट्रिक गाडी घेऊन गेलो होतो. (कंपनीचं नाव मुद्दामच सांगत नाही, मुद्दा एकट्या तिचा नाही. चार्जिंगचं पुराणही पुन्हा कधीतरी.)

आईने पहिल्याच फेरीत निकाल दिला, "आवाजच नाई रे इचा, घरात बसल्यासारखं वाटते." खरंच आहे. इंजिन नाही म्हणून थरथर नाही. मागे पायाशी मधला उंचवटा नाही. विदर्भातल्या उन्हाळ्यात निघायच्या आधी मोबाइलवरून एसी लावता येतो, हे सुख तर काय वर्णावं! पण दुसरी गोष्टही आईनेच हेरली. "गुडघे वर येतात." बॅटरी फरशीखाली असते, त्यामुळे फरशी उंच होते, सीट मात्र तेवढी उंच होत नाही, आणि मांड्या अधांतरी राहतात. शोरूममध्ये पाच मिनिटं बसून हे कळत नाही. दारव्ह्याला जाऊन आलं की कळतं.

त्या दारव्ह्याहून परतताना अंधार पडला आणि पाऊस लागला. चार्जिंग वाचवायला मी एसी बंद ठेवला होता, काचाही बंद. तिघांच्या श्वासाने समोरच्या काचेवर वाफ धरली. वाफ घालवायचं बटन कुठे? स्क्रीनवर. तेही दुसऱ्या पानावर. त्यात माझी बोटं ओली. असल्या स्क्रीनला बोटाच्या स्पर्शातला विद्युतभार ओळखावा लागतो, पाण्याने तिचा गोंधळ होतो. एकदा दाबलं, दोनदा दाबलं... समोरून ट्रकचे दिवे, आणि माझे डोळे स्क्रीनवर.

बाबांनी काही न बोलता खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि माझ्यासमोरची काच पुसली. ट्रक बाजूने गेला. मग म्हणाले, "डोये रस्त्यावर ठेवू का इकडं? बटन काऊन नाई ठेवलं?"

उत्तर मला ठाऊक होतं. प्रत्येक बटनाला वेगळा साचा, वेगळी वायर, वेगळी चाचणी. स्क्रीन एकच, आणि तिच्यावरचं सगळं नंतर बदलता येतं. वर दिसतंही भारी. २०२२ साली 'वी बीलेगारे' या स्वीडिश मासिकाने गाड्या ताशी ११० किलोमीटरने पळवून साधी चार कामं करायला किती वेळ लागतो ते मोजलं होतं. २००५ सालच्या, बटनं असलेल्या व्होल्व्होत १० सेकंद लागले. सर्वात मंद नव्या गाडीत जवळजवळ ४५! म्हणजे सव्वा किलोमीटरहून जास्त अंतर. युरो एनकॅपने २०२६ पासून पूर्ण गुणांसाठी इंडिकेटर, हॉर्न, वायपर, धोक्याचे दिवे आणि मदतीची हाक यांना खरीखुरी बटनं हवीत, असं ठरवलंय. काचेवरची वाफ त्या यादीत नाहीच.

खरी गोष्ट मात्र दुसऱ्या दिवशीची. गाडी चालवून बघायची असं बाबा महिनाभर फोनवर म्हणत होते. सकाळी मी किल्ली पुढे केली तर म्हणाले, "राहू दे. मले नाई जमणार." पंचवीस वर्षं मारुती ८०० चालवलेला माणूस! त्या गाडीत अंधारातही त्यांचा हात नेमका हव्या त्या दांडीवर जायचा. त्यांचा हात म्हातारा झालेला नाही. हाताला सापडेल असं त्या गाडीत काही ठेवलेलंच नाही. आणि त्यांना वाटलं, चूक आपली.

मला लाज वाटली, कारण मी हेच काम करतो. मागच्याच रिलीजमध्ये एक नेहमीचं बटन 'आणखी' नावाच्या तीन टिंबांमागे ढकलायला मी हो म्हटलं होतं. "स्क्रीन मोकळी दिसते" म्हणून. कोणाच्या तरी बाबांनी ते शोधून शोधून फोन बाजूला ठेवला असेल. सोमवारी ऑफिसात भांडून ते बटन परत बाहेर आणलं. गाडीचं मात्र मला काही करता येत नाही.

असो. निघताना बाबांनी डॅशबोर्डच्या कप्प्यात एक जुना दुपट्टा घडी करून ठेवला. तो हाताला लगेच सापडतो.