छत आणि जमीन

खेळ पाहणाऱ्या माणसांच्या दोन जाती असतात. पहिली चेंडूकडे पाहणाऱ्यांची. ही जात फार मोठी. तुम्ही-आम्ही, आपले शेजारीपाजारी आणि पानाच्या ठेल्याशी उभे राहून क्रिकेटचा स्कोअर विचारणारे वाटसरू, सगळे तिच्यातच मोडतात. दुसरी जात चेंडू जिथे नाही तिथे पाहणाऱ्यांची. ती अगदी लहान, आणि पहिल्या जातीच्या मते किंचित विक्षिप्त. दहीहंडीला सारा रस्ता माना वर करून हंडीला हात घालणाऱ्या पोराकडे पाहत असतो, तेव्हा हा प्राणी सर्वांत खालच्या थरातल्या गड्यांच्या पोटऱ्या थरथरताहेत की काय, ते न्याहाळत असतो.

मी या दुसऱ्या जातीचा, आणि तोही पोटासाठी. कॉलेजात मी मराठी शिकवतो आणि व्याकरण माझ्या वाट्याला आलेले आहे. वाक्यात कर्ता मिरवतो, क्रियापद गाजते. पण ‘ने’, ‘ला’, ‘चा’ हे चिमुकले प्रत्यय सगळा भार वाहत असतात. ते जागच्या जागी असले की त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. चुकले, की तांबडी शाई प्रथम त्यांच्यावर सांडते. त्यामुळे माझ्या भाच्याने अमेरिकन फुटबॉलमधल्या त्या पाच माणसांची ओळख करून दिली, तेव्हा कोणी जुने नातेवाईक भेटावेत तसे मला वाटले.

भाचा राहतो कॅन्सस सिटीच्या एका उपनगरात. या शहराची गंमत अशी, की नावात कॅन्सस असले तरी मूळ शहर मिसूरी राज्यात आहे. तिथला संघ म्हणजे ‘चीफ्स’. भाचा आता त्या संघाचा इतका भक्त झाला आहे, की माझ्या बहिणीने पाठवलेला आकाशकंदीलही त्याने लाल रंगाचा मागितला. संघाचा रंग तो!

“मामा, तू बॉलकडे बघूच नकोस,” त्याने मला फोनवर पहिला धडा दिला. “समोरची पाच जाडी माणसं बघ.”

हा खेळ नावालाच फुटबॉल. चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. क्वार्टरबॅक नावाचा गडी हा संघाचा सूत्रधार. चेंडू हाती आला, की कोणाकडे फेकायचा हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचे. आणि तेवढ्यात त्याला आडवे पाडायला समोरून दांडगे गडी धावून येत असतात. त्यांना अडवण्यासाठी त्याच्यापुढे पाच जणांची भिंत असते: मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, आणि टोकांना दोन टॅकल. एकेक गडी दीडशे किलोच्या आसपास. क्वार्टरबॅकने पुढे फेकलेला चेंडू झेलण्याची या पाचांना एरवी मुभा नाही. त्यांनी नुसते अडवायचे. त्यांचा उल्लेख मैदानातल्या भोंग्यावरून होतो तो बहुधा एकाच वेळी: कोणी प्रतिस्पर्ध्याला बेकायदा धरून ठेवले, की पंच त्याचा क्रमांक जाहीर करतो आणि संघाला दहा यार्ड मागे ढकलतो.

हे मी आईला समजावून सांगितले. ती वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, “म्हणजे आमच्यासारखंच की! आमटी खारट झाली की नाव निघतं.”

तर या भिंतीची कथा. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी टॅम्पा येथे सुपर बोल, म्हणजे त्या खेळाचा वर्षाचा अंतिम सामना झाला. आपल्याकडे तेव्हा सोमवारची पहाट उजाडत होती. चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स, पंचविशीतला, त्या काळचा सर्वांत गाजलेला. त्याच्याशी आदल्या वर्षीच दहा वर्षांचा, पंचेचाळीस कोटी डॉलरांचा करार झालेला. समोर टॅम्पाचा संघ, त्याचा सूत्रधार त्रेचाळीस वर्षांचा टॉम ब्रेडी. पण महोम्सच्या भिंतीची दोन्ही टोके ढासळलेली होती. डावा टॅकल एरिक फिशर याच्या टाचेची शीर आधीच्या सामन्यात तुटली होती; उजवा टॅकल मिचेल श्वार्ट्झ पाठीच्या दुखण्याने कित्येक आठवडे बाहेर होता. जागा भरायला जे सापडले ते उभे केले. मग जे झाले ते पाहवत नव्हते. महोम्सवर एकोणतीस वेळा शत्रू धावून आला. सुपर बोलमध्ये एवढी तारांबळ कोणत्याच क्वार्टरबॅकची उडाली नव्हती. एकदा तर तो कोसळता कोसळता जमिनीला समांतर झाला, आणि तशा अवस्थेतही त्याने फेकलेला चेंडू सहकाऱ्याच्या शिरस्त्राणावर जाऊन आदळला. निकाल ३१–९. पंचेचाळीस कोटींचा माणूस सारी संध्याकाळ पळत होता.

आता तुम्ही म्हणाल, एवढा श्रीमंत संघ, बाजारात जाऊन पाच उत्तम गडी विकत आणायला काय हरकत होती? हरकत होती, आणि माझ्यासारख्या पगारदाराला या खेळात गोडी वाटली ती त्या हरकतीमुळेच. तिथे १९९४ पासून संघाच्या एकूण पगारावर छत घातलेले आहे. कोणत्याही मालकाने, तो कितीही धनाढ्य असो, त्या वर्षी ठरलेल्या रकमेबाहेर जायचे नाही. पहिल्या वर्षी ती रक्कम तीन कोटी सेहेचाळीस लाख डॉलर होती. २०२० पर्यंत ती १९ कोटी ८२ लाखांवर गेली. आणि नेमकी चीफ्सची भिंत पडली त्या वर्षी, महामारीत प्रेक्षागारे ओस पडल्यामुळे, छत खाली आले: १८ कोटी २५ लाख. घर दुरुस्तीला निघावे आणि त्याच महिन्यात पगार कापला जावा, अशातली गत.

मग त्यांनी काय केले? प्रथम निरोप दिले. ११ मार्च २०२१ रोजी, एकाच दिवशी, फिशर आणि श्वार्ट्झ दोघांनाही मोकळे केले. २०१३ साली विद्यापीठांतून आलेल्या साऱ्या नव्या खेळाडूंत ज्याला सर्वांत आधी निवडले होते तो हा फिशर. आणि श्वार्ट्झ तर वर्षानुवर्षे एकही डाव न चुकवता सलग सात हजारांहून अधिक डाव उभा राहिलेला गडी. दोघांच्या जाण्याने सुमारे एक कोटी ऐंशी लाख डॉलर सुटले. हिशेब चोख होता, पण वाचताना मला आवंढा गिळावा लागला. श्वार्ट्झ त्यानंतर पुन्हा मैदानात उतरलाच नाही.

दुसरी युक्ती हप्त्यांची. करारावर सही करताना खेळाडूला एक ठोक रक्कम रोख मिळते, पण छताच्या हिशेबात ती पाच वर्षांपर्यंत विभागून दाखवता येते. महोम्सच्या पगाराचा काही भाग असा पुढे ढकलून जागा केली. पैसे आज द्यायचे, भार उद्यावर; आपल्या मध्यमवर्गाला हे तंत्र शिकवायला नको. त्याच वाटेने जो थुनी नावाचा अनुभवी गार्ड पाच वर्षांच्या, आठ कोटी डॉलरांच्या कराराने आणला.

डाव्या टोकासाठी बाल्टिमोरहून ऑर्लँडो ब्राऊन आला. त्याचे दिवंगत वडीलही याच खेळातले, भिंतीतलेच गडी; आणि मुलाने डाव्या टोकाला उभे राहावे अशी त्यांची इच्छा. बाल्टिमोरला ती जागा दुसऱ्याची होती, म्हणून त्याने बदली मागितली. त्याचा पहिला, स्वस्तातला करार अजून संपलेला नव्हता, हेही चीफ्सच्या पथ्यावर पडले.

उरलेली भर नव्या पोरांची. दर वसंतात विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची वाटणी होते. प्रत्येक संघ पाळीपाळीने एकेकाला उचलतो. जितका क्रमांक खाली तितका पगार कमी, आणि करार चार वर्षांचा. चीफ्सने त्रेसष्टाव्या क्रमांकावर क्रीड हम्फ्री हा डावखुरा सेंटर घेतला. आणि दोनशे सव्विसाव्या क्रमांकावर, बाजार उठता उठता, ट्रे स्मिथ नावाचा गार्ड. त्याच्या फुप्फुसात पूर्वी रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या, म्हणून सगळ्यांनी त्याला ओलांडले होते. मंडईत संध्याकाळी सातनंतर जाणाऱ्या गृहिणीला मी काय सांगतो आहे ते कळेल. डाग असलेली वांगी सगळे बाजूला सारतात. जिला परीक्षा आहे ती नेमकी त्यातली चांगली निवडते.

सप्टेंबरमध्ये नवा हंगाम सुरू झाला तेव्हा भिंतीतले पाचही गडी नवे होते. टॅम्पाला पहिल्या डावात उभा असलेला एकही नाही. आणि पुढे १२ फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलमध्ये त्यांच्यासमोर फिलाडेल्फियाचा संघ उभा राहिला. त्या संघाने साखळी सामन्यांत प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकना सत्तर वेळा लोळवले होते. त्या रात्री लंगडणाऱ्या महोम्सला त्यांना एकदाही चेंडूसकट लोळवता आले नाही. चीफ्स ३८–३५ ने जिंकले. दुसऱ्या दिवशी चित्रे महोम्सची छापून आली, हे सांगायला नकोच.

इथपर्यंत ही कथा काटकसरीची झाली. मला तिचा उत्तरार्ध सांगायचा आहे. चार वर्षांचा स्वस्त करार संपल्यावर त्या पोरांचे काय झाले? २०२४ साली हम्फ्रीला चार वर्षांसाठी सात कोटी वीस लाख डॉलर मिळाले. आणि जुलै २०२५ मध्ये स्मिथला, त्या दोनशे सव्विसाव्याला, चार वर्षांसाठी नऊ कोटी चाळीस लाख. त्यासाठी पुन्हा कोणाला तरी जावे लागलेच. फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये फिलाडेल्फियाने महोम्सला सहा वेळा लोळवून मागची परतफेड केली. त्यानंतर थुनीची शिकागोला पाठवणी झाली. भिंत कधी बांधून पुरी होत नाही. पण स्वस्त मिळालेला माणूस कायम स्वस्तच राहिला पाहिजे, असे तिथे कोणी धरून चालत नाही.

याचे कारण त्या लोकांचे मन मोठे आहे, असे मुळीच नाही. ते व्यापारी आहेत, आणि दुखावलेल्या गड्याला एका दिवसात दार दाखवतात. कारण एवढेच, की छताची बोलणी झाली तेव्हा टेबलाच्या दुसऱ्या बाजूला खेळाडूंची संघटना बसली होती, आणि छताबरोबर तिने जमीनही मागून घेतली. नवख्यातल्या नवख्याला ठरावीक रकमेहून कमी देता येत नाही. २०२१ साली ती सहा लाख साठ हजार डॉलर होती. आणि मालकांनी छताच्या निदान नव्वद टक्के रक्कम, काही वर्षांच्या हिशेबात, खेळाडूंवर खर्च केलीच पाहिजे. जागा रिकाम्या ठेवून पैसे वाचवले, असे म्हणायची सोय नाही.

हे सारे मी एकदा स्टाफरूममध्ये रंगवून सांगत होतो. आमच्या मराठी विभागातही मंजूर जागा पाचच आहेत. भरलेल्या दोन. उरलेल्या तीन जणांचा भार तासिका तत्त्वावरची माणसे वाहतात, म्हणजे जितके तास शिकवाल तितक्या तासांचे पैसे. त्यांतल्या एक बाई भाषाविज्ञान इतके सुरेख शिकवतात, की त्यांच्या तासाला दुसऱ्या वर्गातली मुले मागच्या बाकावर येऊन बसतात. पात्रता परीक्षा झालेली, पीएच. डी. झालेली. बाईंनी माझी ट्रे स्मिथची कथा लक्ष देऊन ऐकली. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बांधत त्या हसून म्हणाल्या, “सर, त्याची चार वर्षं झाली. माझं हे बारावं चालू आहे.”

कोणी काही बोलले नाही. शिपायाने घंटा दिली आणि त्या वर्गावर गेल्या. एक तास बुडाला तर एका तासाचे पैसे बुडतात.

पैसा कमी आहे, ही सबब मला कळते. महिन्याच्या वीस तारखेनंतर तीच सबब मीही घरात सांगतो. छताविषयी माझी तक्रार नाही. छताखाली राहूनही माणसे शहाणपणाने भिंत बांधतात, हे मी पाहिले आहे. पण आमच्याकडे छत तेवढे मोजून घातले आणि जमीन घालायची राहून गेली. भिंत मात्र उभी आहे, कारण काही माणसे नुसत्या पायांच्या जोरावर उभी आहेत.

आता दिवाळीची सुट्टी लागली आहे. आम्हा दोघांना ती पगारी, बाईंना नाही. सुट्टीनंतरच्या सत्राचे वेळापत्रक करण्याचे काम माझ्याकडे आहे. भाषाविज्ञानाच्या चौकटीत मी बाईंची आद्याक्षरे लिहिली आहेत, पण पेन्सिलीने. परवा त्यांनी फोनवर सांगितले, की एका खाजगी कंपनीत भाषांतराच्या कामाची मुलाखत दिली आहे, सर, अजून काही कळलेले नाही. मी म्हटले, “अवश्य द्या मुलाखती.” फोन ठेवल्यावर बराच वेळ ती चौकट पाहत बसलो. तिथे दुसरे कोणाचे नाव घालावे, ते मला सुचत नव्हते.