भुलेचें औषध आणि पानाचा डबा

आमच्या रत्नागिरीच्या घरीं कोणत्याही प्रश्नाचा निकाल माजघरांत लागतो. गेल्या वैशाखांत अप्पाकाकांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबल्याचें निघालें आणि मुंबईस बायपास शस्त्रक्रिया ठरली, तेव्हां तेथें वाद माजला तो भुलेच्या औषधाचा. माझ्या पुतण्यानें वाचलें होतें कीं, शिरेंतून द्यावयाच्या प्रोपोफॉलपेक्षां आयसोफ्लुरेनसारखा हुंगवावयाचा वायु हृदयाचें अधिक रक्षण करतो. "आपण तोच मागून घेऊं," असा त्याचा आग्रह. मीही त्याच्याच बाजूचा.

हें वाचन खोटें नव्हतें. उपाशी राहिलेल्या हृदयाच्या स्नायूस रक्त पुन्हा मिळालें म्हणजे तो लगेच सुखावतो असें नाहीं. दीर्घ उपोषणानंतर एकदम पुरणपोळी खाल्ल्यानें जसा अपाय होतो, तसाच एकाएकीं परत आलेल्या प्राणवायूनें व पेशींत शिरणाऱ्या कॅल्शियमनें स्नायूचा कांहीं भाग दगावतो. १९८६ सालीं अमेरिकेंत कुत्र्यांवर प्रयोग झाले. हृदयाची एक रक्तवाहिनी आधीं ४ वेळां पांच पांच मिनिटें बंद करून सोडली, तर पुढें ती ४० मिनिटें बंद ठेवूनही मेलेला स्नायु इतर कुत्र्यांच्या मानानें चतुर्थांशच भरला. नेमानें एकादशी करणाऱ्यास मोठा उपवास जड जात नाहीं, त्यांतलाच हा प्रकार! हीच तालीम आयसोफ्लुरेनही देतो, असें १९९७ सालीं कुत्र्यांतच दिसून आलें.

मुंबईस भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंपुढें मीं ही सारी विद्या पाजळली. त्या हंसून म्हणाल्या, "प्रयोग खरे आहेत. पण २०१९ सालीं १३ देशांतील ५,४०० रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली. सर्वांची बायपासचीच शस्त्रक्रिया. वर्षाच्या आंत वायु दिलेल्यांपैकीं शेंकडा २.८ दगावले, नुसती शिरेंतून भूल दिलेल्यांपैकीं ३.०. हा फरक धरण्याजोगा नाहीं. तेव्हां औषधाची निवड माझ्यावर सोडा. आजोबा, तपासणींत साखर निघाली आहे. तिच्यावर गोळी कोणती घेतां?"

"कोणतीच नाहीं," अप्पाकाका म्हणाले.

काकूंनीं क्षणभर खालीं पाहिलें. मग पिशवींतून गोळ्यांची पट्टी काढून त्या हळूच म्हणाल्या, "ह्यांच्या पानाच्या डब्यांत ही सांपडली."

साखर कळली तर हापूस बंद होईल, ह्या भीतीनें काका दोन वर्षें ग्लिबेनक्लामाइड गुपचूप घेत होते!

बाई गंभीर झाल्या. शस्त्रक्रियेपूर्वीं उपाशीपोटीं ही गोळी घेतली तर रक्तांतील साखर धोक्याइतकी उतरूं शकते. शिवाय १९९७ च्या त्या प्रयोगांत वायूनें दिलेलें रक्षण ह्याच गोळीनें नाहींसें झालें होतें. आम्ही ज्या वायूसाठीं माजघरांत भांडत होतों, त्याच्या गुणावर बोळा फिरवणारें औषध आमच्याच डब्यांत होतें.

गोळी थांबवून, इन्शुलिननें साखर ताब्यांत आणून मग शस्त्रक्रिया झाली. भूल कोणती दिली, तें मीं विचारलेंही नाहीं. काका सुखरूप घरीं आले. यंदां डॉक्टरांनीं ठरवून दिलेली आंब्याची एक फोड ते सर्वांसमक्ष खातात. पुतण्याचें वाचन चालूंच आहे, व तें चालावें. पण रुग्णालयाची पायरी चढण्यापूर्वीं वाचकांनीं घरच्या वडील मंडळींचे डबे एकदां प्रेमानें उघडून पाहावे.