पुरवणीचे पैसे

'डीएलसी'ला मराठीत काय म्हणायचं, हा प्रश्न आयुष्यात कधी पडेल असं वाटलं नव्हतं. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. त्यामुळे माझं मराठी म्हणजे घरी आईशी बोलायचं आणि शाळेच्या गेटबाहेर वडापाववाल्याशी बोलायचं, बस्स! पण मॅगझीनच्या मराठी विभागात लिहायचं ठरवलं, विषयही गेम्सचा घेतला, मग शब्द शोधणं आलंच. 'डाउनलोड करण्यायोग्य वाढीव सामग्री' असं लिहिलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, नोटीस बोर्डवरचं परिपत्रक चुकून इथे छापलं. शेवटी शब्द सापडला तो परीक्षेच्या हॉलमध्ये. पुरवणी!

मुख्य उत्तरपत्रिका भरली, तरी लिहायचं शिल्लक आहे, की हात वर करून आपण जी मागतो ती पुरवणी. (किंवा पुढच्या बाकावरच्या स्कॉलरने मागितली की आपल्या पोटात गोळा येतो, ती!) डीएलसीसुद्धा तशीच. गेम तुम्ही आधीच विकत घेतलेला असतो. मग काही महिन्यांनी कंपनी सांगते की अजून एक बेट, अजून एक गोष्ट आणि अजून थोडे प्राणी तयार आहेत, डाउनलोड करून घ्या. फरक एवढाच की आपल्याला पुरवणी फुकट मिळते आणि तिथे पैसे पडतात.

आता ज्यांनी कधी पोकेमॉन फक्त टीव्हीवर पाहिलंय, त्यांच्यासाठी थोडक्यात फंडा सांगतो. गवतात फिरायचं, प्राणी पकडायचे, त्यांना लढायला शिकवायचं आणि वहीत, म्हणजे पोकेडेक्समध्ये, एकेकाची नोंद करत जायचं. कार रेसच्या गेमला नवा रस्ता जोडला तर तो निव्वळ जादा असतो, नाही घेतला तरी कोणी रडत नाही. इथे मात्र खेळाचा पायाच 'सगळे जमवायचे' हा आहे. लहानपणी ज्याने ट्रम्प कार्ड्स जमवली असतील त्याला हे लगेच कळेल. हातात नव्व्याण्णव असतात आणि झोपताना आठवतं ते नसलेलं एक. म्हणूनच या जातीच्या गेम्समध्ये पुरवणीवरून जेवढी भांडणं होतात तेवढी क्वचितच दुसरीकडे होत असतील.

गंमत म्हणजे 'सगळे' हा शब्द पहिल्यापासूनच एकट्याने पूर्ण करायचा नव्हता. सातोशी ताजिरी हा पोकेमॉनचा जनक. टोकियोजवळच्या माचिदामध्ये लहानपणी तो किडे गोळा करत हिंडायचा. पुढे गेम बॉयची दोन यंत्रं जोडणारी केबल त्याने पाहिली आणि त्याच्या डोक्यात आलं, या वायरीतून किडा इकडून तिकडे जाऊ शकला तर? १९९६ साली जपानमध्ये 'रेड' आणि 'ग्रीन' असे दोन गेम आले, तेव्हा एकूण पोकेमॉन होते १५१. काही फक्त रेडमध्ये, काही फक्त ग्रीनमध्ये. म्हणजे वही भरायची तर मित्र हवाच. मुद्दाम केलेली अडचण होती ती, पण त्या अडचणीमुळे पोरं एकमेकांच्या घरी जायला लागली.

आता येऊ भांडणाकडे. २०१९ च्या जूनमध्ये, 'सोर्ड' आणि 'शील्ड' येण्याआधी, निर्माते जुनिची मासुदा यांनी सांगून टाकलं की जुने सगळे पोकेमॉन या गेममध्ये आणता येणार नाहीत. तोवर एकूण संख्या आठशेच्या वर गेली होती आणि नव्या गेमच्या पोकेडेक्समध्ये जागा होत्या ४००. गेमचा प्रदेश ब्रिटनवर बेतलेला, आणि तिकडे ब्रेक्झिटचा गोंधळ चालू, त्यामुळे खेळाडूंनी या प्रकाराला नाव ठेवलं 'डेक्झिट'. गेम नोव्हेंबर २०१९ मध्ये आला आणि दोन महिने होतायत न होतायत तोच, जानेवारी २०२० मध्ये, कंपनीने एक्सपान्शन पास जाहीर केला. दोन पुरवण्या, 'आइल ऑफ आर्मर' आणि 'क्राउन टुंड्रा', मिळून तीस डॉलर. त्यांच्यासोबत दोनशेहून जास्त जुने पोकेमॉन परत येणार!

आमच्या विंगमध्ये स्विच दोन आणि मतं सात.

आमच्या कोल्हापूरकरचं मत एका वाक्याचं आहे. "आधी काढून घ्यायचं आणि मग तेच विकायचं, हे काय बरं न्हाई गड्या!" जगभरातल्या हजारो खेळाडूंनी तेव्हा हेच म्हटलं होतं, फक्त कोल्हापुरीत नाही.

नगरकर मात्र हिशोबी माणूस. त्याचं म्हणणं, पूर्वी काय व्हायचं ते बघा. आधी दोन गेम यायचे आणि वर्ष-दोन वर्षांनी त्याच गोष्टीचा सुधारलेला तिसरा गेम यायचा. यलो, क्रिस्टल, एमरल्ड, प्लॅटिनम ही सगळी त्यातलीच नावं. २०१६ मध्ये 'सन' घेतला चाळीस डॉलरला, तर २०१७ मध्ये 'अल्ट्रा सन'साठी पुन्हा चाळीस. वर पुन्हा शून्यापासून सुरुवात! तेच गाव, तोच पहिला पोकेमॉन निवडायचा, तीच गोष्ट. पुरवणीत निदान आपली जुनी टीम घेऊन पुढे जाता येतं आणि पैसेही अख्ख्या गेमच्या निम्मेच लागतात.

हिशोब बरोबर आहे. पण एक गोष्ट त्यात धरलेली नाही, ती कोल्हापूरकरने बरोबर पकडली. माझ्याकडचं शील्डचं कार्ट्रिज पासआउट झालेल्या एका सीनियरचं आहे. त्याने ते त्याच्या सीनियरकडून घेतलं होतं. मी जाताना ते कुठल्यातरी एफईच्या पोराला विकेन. नोट्स आणि ड्राफ्टरसारखं कार्ट्रिजही खाली खाली सरकत जातं. तिसरा गेम वेगळा आला तर तोही तसाच सरकतो. पण ऑनलाइन घेतलेली पुरवणी ज्याच्या अकाउंटवर घेतली तिथेच चिकटून बसते. ती विकता येत नाही, वाटता येत नाही. सेकंडहँडवर चालणाऱ्या आमच्यासारख्या पोरांना ही गोष्ट जास्त लागते.

तीस डॉलर म्हणजे २०२४ मध्ये साधारण अडीच हजार रुपये. आमच्या मेसचे महिन्याचे पैसे जवळपास तेवढेच. मी घरी फोनवर विषय काढून पाहिला. बाबा म्हणाले, "गेम विकत घेतलास ना? मग परत कसले पैसे?" मी पाच मिनिटं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "हे बघ, गाडीला सीट कव्हर वेगळं घेतो आपण. पण शोरूमवाला चाक वेगळं घ्या म्हणाला, तर मी उठून येईन."

डिस्कशन संपलं! पण खरं सांगू का, डीएलसीबद्दल जगभरात जेवढा काथ्याकूट झालाय तो सगळा या एका वाक्यात बसतो. विकायला ठेवलेली वस्तू सीट कव्हर आहे की चाक, एवढाच तर वाद आहे.

मी पास घेतला नाही. नगरकरकडे होता. आइल ऑफ आर्मरचं बेट मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. तिथे हरवलेले डिगलेट शोधायचे असतात, एकूण १५१, म्हणजे १९९६ च्या गेममध्ये जेवढे पोकेमॉन होते तेवढेच! बनवणाऱ्याला ही गंमत सुचली म्हणजे तोही आपल्यातलाच असणार. क्राउन टुंड्रामध्ये चौघांनी मिळून गुहेत उतरायचं आणि शेवटी एखादा दुर्मिळ पोकेमॉन गाठायचा. बरेच खेळाडू आजही म्हणतात की त्या गेममध्ये सगळ्यात मजा इथे आली. हे सगळं मला बंद होतं आणि वाईट वाटत होतंच, नाही कशाला म्हणू?

पण मग एका रात्री नगरकर म्हणाला, "तुला बल्बासोर पाहिजे का?" त्याला बेटावर मिळाला होता, त्याची अंडी घालून त्याच्याकडे डझनभर झाले होते. मला वाटलं, माझ्याकडे पास नाही म्हणजे येणारच नाही. आला की! कंपनीने एक गोष्ट चांगली करून ठेवली होती. परत आलेले जुने पोकेमॉन फुकटच्या अपडेटमधून सगळ्यांच्या गेममध्ये टाकले होते. बेटावर जायचं तर पैसे. पण मित्राने बेटावरून काही आणून दिलं तर ते ठेवून घ्यायला पैसे नाहीत. मी त्याला गालारची पोनिटा दिली, जी फक्त शील्डमध्ये सापडते, आणि त्याचा बल्बासोर घेतला. त्या दिवशी मला कळलं की हे आपलं नेहमीचंच आहे. रेड आणि ग्रीनमध्ये जे होतं तेच. फक्त केबल राहिलेली नाही.

आमच्या नाशिककरचं मत वेगळ्याच दिशेचं. त्याला प्राण्यांच्या संख्येशी देणंघेणं नाही, त्याला गोष्ट पाहिजे. त्याच्याकडे 'व्हायोलेट' आहे, आणि त्याच्या २०२३ च्या पुरवणीसाठी त्याने पस्तीस डॉलर आनंदाने भरले. त्यातला पहिला भाग 'टील मास्क'. किताकामी नावाचं खेडं, तिथे जत्रा भरते, तिघांची वीर म्हणून पूजा होते कारण त्यांनी एका राक्षसाला पळवून लावलं असं सगळे मानतात. खरं निघतं उलटंच. ते तिघे मुखवटे चोरायला आले होते आणि बिचारी ओगरपॉन फुकटची बदनाम झाली. किएरन नावाच्या पोराला या ओगरपॉनची लहानपणापासून ओढ, आणि नेमकं त्याच्यापासूनच हे लपवलं जातं. तो चिडतो, कडवट होतो, आणि दुसऱ्या भागात, 'इंडिगो डिस्क'मध्ये, चॅम्पियन होऊन आपल्यासमोर उभा राहतो. ही गोष्ट मूळ गेमला जोडून आली नसती तर सांगायला जागाच नव्हती, असं नाशिककर म्हणतो. मला पटतं. ही खरी पुरवणी. उत्तर लिहून झाल्यावर अजून काही सुचलं, म्हणून घेतलेली.

पण त्याच गेमवर दुसरा आरोप आहे आणि तोही खरा आहे. स्कार्लेट-व्हायोलेट नोव्हेंबर २०२२ मध्ये आले तेव्हा पहिल्या तीन दिवसांत एक कोटी प्रती खपल्या, आणि त्याच वेळी गेम अडखळत चालत होता. लांबची माणसं झटके खात चालायची, कुठे कॅमेरा जमिनीखाली जायचा. लोक म्हणत होते, आधी हे दुरुस्त करा, मग पुरवणी विका. टील मास्क आला तेव्हाही तो अडखळतच होता. गेम खऱ्या अर्थाने गुळगुळीत पळायला लागला तो जून २०२५ मध्ये, 'स्विच २' आल्यावर. अपडेट फुकट, पण मशीन नवं घ्या!

आपल्याकडे काही सुपरवायझर मुख्य उत्तरपत्रिका उलटून बघतात आणि पानं कोरी असतील तर पुरवणी देत नाहीत. तेव्हा त्यांचा राग येतो. पण खेळाडूंची मागणी तरी वेगळी कुठे होती?

२०२५ मध्ये तर कहर झाला. 'लेजेंड्स झेड-ए' येणार होता १६ ऑक्टोबरला. त्याची तीस डॉलरची पुरवणी जाहीर झाली १२ सप्टेंबरला. म्हणजे प्रश्नपत्रिका हातात पडायच्या आधीच पुरवणी! आणि त्यात कोण, तर रायचू. पिकाचूचा थोरला अवतार. त्याची दोन नवी मेगा रूपं मूळ गेममध्ये नाहीत, फक्त पुरवणीत. तयार असलेली वस्तू बाजूला काढून ठेवली, असा लोकांचा समज झाला आणि ते भडकले. ती खरंच आधी तयार होती की नंतर बनली, हे बाहेरून कोणी सांगू शकत नाही. पण गिऱ्हाईकाला संशय यावा अशा वेळी पेटी उघडली, एवढं नक्की.

त्याच्या शेजारी 'पॉलवर्ल्ड' ठेवून बघा. जानेवारी २०२४ मध्ये आला तेव्हा गेम अर्धवट आहे हे त्यांनीच सांगितलं होतं. अख्ख्या गेमची किंमत तीस डॉलर, म्हणजे इथल्या एका पुरवणीएवढी. त्याच वर्षी जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये दोन मोठी बेटं दिली, दोन्ही फुकट. साहजिकच खेळाडू बोट दाखवून विचारतात, यांना जमतं मग तुम्हाला का नाही?

मला सगळं फुकटच पाहिजे असं मात्र नाही. मिनी प्रोजेक्टसाठी एक हलता रोबो स्क्रीनवर नाचवताना आमच्या ग्रुपचे बारा वाजले होते. तिथे एकेका प्राण्याची चाल, सावली, आवाज बनवणारी माणसं आहेत, त्यांना पगार हवेत. नवं बेट बनवलं तर पैसे घ्या. नाशिककर देतोच ना? पण मुख्य उत्तरपत्रिका आधी भरा. आणि ज्याच्या खिशात अडीच हजार नाहीत त्याला वर्गाबाहेर काढू नका. त्याला बेटावर नेऊ नका हवं तर, पण त्याच्या मित्राने आणलेलं त्याच्या हातात पडू दे. बल्बासोरच्या वेळी कंपनीने हे केलं होतं, म्हणजे करता येतं.

यापुढे कुठलीही पुरवणी आली की मी किंमत नंतर बघणार. आधी बघणार, नगरकरकडचा पोकेमॉन माझ्याकडे येतोय का.

आणि हो, माझ्याकडे अजून दोन पोनिटा जादा आहेत. ज्याच्याकडे सोर्ड असेल त्याने मेसनंतर येऊन भेटावे. पैसे घेत नाही, बदल्यात काहीतरी आणा!