गोळीचं घड्याळ

कंपवात म्हटलं की लोकांना थरथरणारा हात आठवतो. माझ्या आईचा हात थरथरू लागला त्याच्या कितीतरी आधी तिचं अक्षर आक्रसलं होतं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ती दुधाचा हिशोब लिहायची. जुनी कॅलेंडरं तिने जपून ठेवली आहेत. एका वर्षीचं ‘दीड लिटर’ चौकटीत मावत नाही. नंतरच्या वर्षांत ते मुंगीच्या पायाएवढं होतं, आणि शब्द संपता संपता आणखी बारीक. त्याच सुमारास हिंग करपला तरी तिला वास येईना. मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी साधारण निम्म्या गेल्यावर हालचाली अडखळू लागतात. तोवर नाक, पोट आणि स्वप्नात हातपाय झाडणारी झोप यांनी आपापल्या परीने सांगून झालेलं असतं.

१८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी सहा रुग्णांवरून या दुखण्याचं वर्णन लिहिलं. त्यातले काही तर त्यांना रस्त्यात दिसलेले. एका हातापासून सुरू होऊन वर्षानुवर्षं बाकीच्या अंगात पसरत जाणारं दुखणं त्यांनी टिपलं. पण त्यांच्या काळी लेव्होडोपा हे औषध नव्हतं. १९६०च्या दशकात ते आलं आणि या आजाराची चालच बदलली. पहिली काही वर्षं तर गोळी अशी लागू पडते की नवख्या माणसाला आजार ओळखूही येत नाही. मग तिचा असर लवकर उतरू लागतो. वर्षांचं दुखणं तासांवर येतं.

अकराला आई भाजी निवडत गप्पा मारते आणि दीडला तिला कुशीवर वळता येत नाही. भरपेट वरणभातानंतर घेतलेली गोळी कधी चढतच नाही, कारण प्रथिनं आणि औषध दोघांनाही आतड्यातून एकाच वाटेने आत शिरायचं असतं. कधी गोळी जास्त चढते आणि मान, खांदे आपोआप डोलू लागतात. पाहणाऱ्याला वाटतं, आजार वाढला. ते डोलणं असतं औषधाचं. चेहऱ्याचे स्नायू हलेनासे झाले की ती रुसल्यासारखी दिसते, आवाज खोल जातो. “सकाळी तर चांगल्या होत्या की!” हे वाक्य मला फार लागतं. सकाळची आई खरी आणि दुपारचीही खरी. दुपारी ती ढोंग करत नसते, आळसही नसतो. प्रत्येकाची वाट निराळी, हेही खरं. काहींना कंप कधी येतच नाही.

पाय जमिनीला चिकटणं हे सगळ्यात चमत्कारिक. मूळच्या पुण्याच्या डिझायनर मिलेहा सोनेजी यांनी पाहिलं, की आपल्या काकांना सपाट जमिनीवर चालणं अवघड, पण जिना ते सहज उतरतात. त्यांनी जमिनीवर जिन्याचं भासचित्र अंथरलं आणि काका त्यावरून चालत गेले. आपसूक चालण्याची मेंदूतली वाट अडली, तरी डोळ्यांनी पाहून, ठरवून टाकलेलं पाऊल पुष्कळदा पडतं.

आम्ही मधल्या बोळात लाल चिकटपट्टीचे आडवे पट्टे लावले. आईने एकेक ओलांडत पहिली फेरी मारली, भिंतीला हात टेकून थांबली आणि म्हणाली, “अंतर जास्त झालंय रे, जवळजवळ लाव. आणि न्हाणीघराच्या वळणावर तर हवेतच.” दुपारी बसून सगळे पट्टे काढले आणि तिच्या पावलाच्या मापाने पुन्हा लावले.