केसरबाईंच्या शेजारचा कप्पा

ब्लूजच्या रेकॉर्ड कमीच घ्याव्यात, पण घेतलेली प्रत्येक पुन्हा पुन्हा ऐकावी, असं माझं ठाम मत झालं आहे. जॅझ किंवा रॉकचा संग्रह वाढवत नेण्यात गंमत असते, तिथे दर खेपेला काहीतरी नवं बांधलेलं हाती लागतं. ब्लूजचा साचा बहुतेक वेळा एकच. बारा बारचा फेरा, तीन कॉर्ड, पहिली ओळ दोनदा म्हणायची आणि तिसरीने तिला उत्तर द्यायचं. गाणी हजारो असली तरी घर तेच. तेवढ्याशा जागेतून गाणारा काय काढून दाखवतो, ते ऐकायचं असतं. ख्याल ऐकणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. दोन ओळींच्या बंदिशीवर आपण तासभर बसतोच की.

मी बेळगावची. घरात बाबांचा ग्रामोफोन होता आणि केसरबाई केरकर हा त्यांचा श्वास होता. नोकरीसाठी बंगळूरला आले तेव्हा या शहरात रॉक आणि ब्लूजला इतकी जागा असेल याची मला कल्पना नव्हती. ब्रिगेड रोडला लागून असलेल्या रेस्ट हाऊस रोडवरच्या पेकोस पबमध्ये ऑफिसातल्या मंडळींबरोबर बसले असताना एक आवाज कानावर पडला आणि आमचं बोलणं माझ्यापुरतं थांबलं. भरदार, मातीतला, शब्द संपल्यावरही सूर न सोडणारा. काउंटरवर जाऊन विचारलं, कोण गातंय? मडी वॉटर्स. हे नाव मी ऐकलेलं होतं, गाणं नव्हतं.

रेकॉर्डची सवय मात्र अव्हेन्यू रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका जुन्या दुकानाने लावली. राजकुमारांचे कन्नड सिनेमे, एम. एस. सुब्बुलक्ष्मी, हिंदी गाणी यांच्या चळतीत मधूनच एखादी इंग्रजी एलपी. दुकानदारांनी मला रेकॉर्ड बघायला शिकवलं. स्लीव्हमधून काढायची ती कडांना आणि मधल्या लेबलला धरून. ट्यूबलाइटखाली तिरपी करायची म्हणजे चरे दिसतात. मग लेबलवर, मधल्या भोकाभोवती बघायचं. प्लेयरचा खिळा शोधताना उमटलेल्या बारीक रेघा तिथे जितक्या जास्त, तितकी ती रेकॉर्ड जास्त वाजलेली. नखाने जाणवणारा चरा असेल तर सोडून द्यायची, नुसता केसासारखा असेल तर काही बिघडत नाही. एवढं सांगून झालं की ते प्लेयरकडे बोट दाखवून म्हणायचे, “हाकि केळि.” लावा आणि ऐका.

तिथेच मडी वॉटर्सची ‘फोक सिंगर’ मिळाली. १९६३ च्या सप्टेंबरात शिकागोत चेस कंपनीने ध्वनिमुद्रित केलेली आणि पुढच्या वर्षी आलेली. मडी मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यातून १९४३ मध्ये शिकागोला आला आणि तिथल्या गोंगाटात ऐकू जावं म्हणून त्याने इलेक्ट्रिक गिटार हाती घेतली. त्याचं नाव झालं ते त्यावरच. या रेकॉर्डवर मात्र तो साध्या लाकडी गिटारीवर परत येतो. सोबत सत्तावीस वर्षांचा बडी गाय, बासवर विली डिक्सन, ड्रमवर क्लिफ्टन जेम्स. कुणी घाई करत नाही. मडी एक ओळ म्हणतो आणि थांबतो, त्या थांबण्यात खोलीची हवा ऐकू येते. मग बोटात घातलेली नळी तारेवरून सरकते आणि गळ्याने अर्धवट सोडलेला सूर गिटार पुरा करते. गंधारावर तो कोमलही लावत नाही आणि शुद्धही नाही. दोहोंच्या मधे कुठेतरी उभा राहतो, आणि दर खेपेला ती जागा किंचित वेगळी असते.

ही सरकती मींड बंगळूरकरांना परकी वाटू नये. चामराजपेठेत फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर रामनवमीचे कार्यक्रम होतात, तिथे मी चित्रवीणा ऐकली आहे. त्या वाद्याला पडदे नसतात, तारांवरून गुळगुळीत ठोकळा सरकवत वाजवतात. दोन्ही संगीतांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण एका सुरातून दुसऱ्यात जाताना मधली वाट ऐकवायची, ही ओढ तीच आहे.

जुन्या ब्लूजचे अल्बम म्हणजे खरं तर नंतर केलेली संकलनं, हे घेणाऱ्याने ध्यानात ठेवावं. रॉबर्ट जॉन्सन गायला तो तीन-तीन मिनिटांच्या ७८ च्या तबकड्यांसाठी: १९३६ च्या नोव्हेंबरात सॅन अँटोनियोला आणि १९३७ च्या जूनमध्ये डॅलसला. सगळी मिळून एकोणतीस गाणी. १९३८ च्या ऑगस्टमध्ये सत्ताविसाव्या वर्षी तो गेला. त्यातली सोळा गाणी कोलंबियाने १९६१ मध्ये ‘किंग ऑफ द डेल्टा ब्लूज सिंगर्स’ या एलपीवर आणली, आणि इंग्लंड-अमेरिकेतल्या गिटार वाजवणाऱ्या पोरांची एक पिढी तिच्यावर वाढली. जॉन्सनचं शेवटचं मुद्रण झालं त्याच १९३७ साली आपले मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेब गेले. त्यांनीही तीन मिनिटांत अख्खी मैफल बसवली होती. करीम खाँ ऐकलेल्याला जॉन्सनची खरखर आड येत नाही.

जॉन्सनने चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून विद्या मिळवली, ही गोष्ट प्रत्येक जण सांगतो. मला ती आवडत नाही. त्याने आइक झिमरमन नावाच्या वादकापाशी बसून रात्र रात्र मेहनत केली. एका काळ्या वादकाचा रियाज सैतानाच्या नावावर टाकणं हा अन्याय आहे.

बी. बी. किंगची ‘लाइव्ह ॲट द रीगल’ (२१ नोव्हेंबर १९६४, शिकागो) मैफलीच्या सवयीच्या कानाला सगळ्यात लवकर आपलीशी वाटते. श्रोते नुसते टाळ्या वाजवत नाहीत, गाणाऱ्याला जागच्या जागी दाद देतात. किंग गाताना वाजवत नाही आणि वाजवताना गात नाही. गळा थांबला की गिटार बोलते. काचेच्या नळीचं तंत्र त्याच्या हाताला बसेना, म्हणून तो बोटानेच तार ओढून थरथरवत राहिला, आणि त्यातून त्याचा स्वतःचा आंदोलित सूर घडला.

ज्युनिअर वेल्सच्या ‘हूडू मॅन ब्लूज’वर (डेलमार्क, १९६५) गिटार आहे बडी गायची, पण तेव्हा तो चेसशी बांधलेला असल्यामुळे कव्हरवर ‘फ्रेंडली चॅप’ असं नाव छापलं. मुद्रणाच्या वेळी त्याचा ॲम्प्लिफायर बिघडला आणि गिटार ऑर्गनच्या लेस्ली स्पीकरला जोडावी लागली. काही गाण्यांत तिचा आवाज पाण्यातून आल्यासारखा फिरतो, तो त्यामुळे. ही रेकॉर्ड पाठ झाल्यावर मी २०२३ मध्ये मुंबईला, वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओतल्या महिंद्रा ब्लूज महोत्सवाला गेले. शहाऐंशी वर्षांचा बडी गाय एकदम आवाज इतका खाली आणायचा की हजारो माणसं गप्प होत. ‘फोक सिंगर’मधल्या त्या पोराचे हात मी डोळ्यांनी बघत होते.

हाउलिन वुल्फचा डुलत्या खुर्चीच्या चित्राचा अल्बम (१९६२) आणि मॅजिक सॅमचा ‘वेस्ट साइड सोल’ (१९६७) डोळे मिटून घ्यावेत. बेसी स्मिथ सगळ्यांच्या आधीची. १९२५ मध्ये लुई आर्मस्ट्राँगच्या कॉर्नेटबरोबर ती ‘सेंट लुई ब्लूज’ गायली, ते ज्यात असेल ते कुठलंही चांगलं संकलन चालेल. ‘बेस्ट ऑफ’ छापाच्या स्वस्त सीडींपासून मात्र दूर राहावं. खरखर काढण्याच्या नादात त्यांतल्या पुष्कळांवर आवाजाची धारच बोथट झालेली असते.

रेकॉर्ड मी अक्षरांप्रमाणे लावत नाही. माझ्या घरी केसरबाईंच्या शेजारी ब्लाइंड विली जॉन्सन आहे, आणि त्याला कारण आहे. १९७७ मध्ये नासाने व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी पाठवली, तिच्यावर जगभरातलं संगीत सत्तावीस तुकड्यांत आहे. त्यात केसरबाईंची भैरवी, ‘जात कहाँ हो’, आणि तिच्या लगोलग टेक्सासच्या या आंधळ्या गायकाचं १९२७ चं ‘डार्क वॉज द नाइट’. तो देवाचीच गाणी गायचा, पण गळा आणि गिटार ब्लूजचीच. या मुद्रणात शब्द नाहीत. तो नुसता गुणगुणतो, कण्हतो आणि मागून तार सरकत जाते. मी दोन्ही त्याच क्रमाने लावते. भैरवी संपल्यावर विलीचा पहिला सूर येतो तो दुसऱ्या खंडातून आल्यासारखा वाटतच नाही. १९७७ च्याच सप्टेंबरात, व्हॉयेजर निघाल्यावर थोड्याच दिवसांत, केसरबाई गेल्या.

जयनगरला राहणाऱ्या माझ्या भाचीने नुकताच प्लेयर घेतला आहे आणि पहिली ब्लूजची रेकॉर्ड कुठली ते मला विचारते आहे. मी तिच्यासाठी मडीच्या दोन काढून ठेवल्या आहेत: ‘फोक सिंगर’, आणि जॉनी विंटरने १९७७ मध्ये काढलेली ‘हार्ड अगेन’, ज्यात मडी गर्जतो आणि मागून विंटर खुशीत ओरडत राहतो. मी ‘फोक सिंगर’ आधी लावीन. ती बहुधा दुसरी लावेल, तिचं वय बघता.